जिंकणाऱ्याचेच डोके कापत? आधी दगड नीट पाहा

मेसोअमेरिकेतल्या, म्हणजे मध्य मेक्सिकोपासून ग्वातेमाला-होंडुरासपर्यंतच्या पट्ट्यातल्या, प्राचीन चेंडूखेळाविषयी एक मजकूर गेली कित्येक वर्षे फिरतो आहे. शब्द थोडे बदलतात, गाभा तोच राहतो. "तीन हजार वर्षांपूर्वी माया लोक पोक-ता-पोक नावाचा खेळ खेळत. कमरेला वीस-पंचवीस किलोचे दगडी जू बांधून, भिंतीवरच्या दगडी कड्यातून चेंडू पार करायचा. चेंडूच्या आत माणसाची कवटी असे. चेंडू कड्यातून गेला की सामना संपला, आणि जिंकणाऱ्या संघाच्या कप्तानाचे डोके मोठ्या सन्मानाने कापले जाई, कारण देवाला उत्तमातले उत्तमच द्यायचे. चिचेन इत्साच्या भिंतीवर हे सारे कोरलेले आहे. स्पॅनिश आले आणि खेळ कायमचा संपला." सोबत एक फोटो असतो: एक गुडघा टेकून बसलेला, डोके नसलेला खेळाडू आणि त्याच्या मानेतून उसळलेले साप.

फोटो खरा आहे. त्याखालचे जवळजवळ प्रत्येक वाक्य मात्र चुकीचे किंवा अर्धवट आहे. यातले सर्वांत जास्त सांगितले जाणारे वाक्य कप्तानाच्या डोक्याचे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

"जिंकणाऱ्या कप्तानाचे डोके कापत, आणि ते चिचेन इत्साला कोरलेले आहे"

चिचेन इत्सा हे प्राचीन माया शहर मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पात आहे. तिथले मोठे मैदान साऱ्या मेसोअमेरिकेत सर्वांत मोठे: १६८ मीटर लांब, ७० मीटर रुंद. दोन्ही बाजूंना सुमारे ८ मीटर उंचीच्या लांबलचक भिंती आहेत आणि प्रत्येक भिंतीच्या पायथ्याशी एक बुटका, तिरका ओटा आहे. फोटोतले शिल्प या ओट्यावरचे. एका बाजूला तीन आणि समोर तीन, असे एकूण सहा फलक आहेत.

फलक मधून बाहेर वाचायचा असतो. मध्यभागी मोठी तबकडी आहे, तो चेंडू. चेंडूत एक कवटी कोरलेली असून तिच्या तोंडातून वळणदार नक्षी बाहेर पडते. चेंडूच्या दोन्ही अंगांना सात-सात माणसे रांगेत, मध्याकडे तोंड करून उभी आहेत. सर्वाधिक छापल्या गेलेल्या रेखाटनात डावीकडच्या पहिल्या माणसाच्या एका हातात सुरी आणि दुसऱ्या हातात कापलेले मुंडके आहे. उजवीकडचा पहिला माणूस एक गुडघा टेकून बसला आहे, त्याला डोके नाही. त्याच्या मानेतून सात धारा निघतात. त्यांतल्या सहा धारांचे साप झाले आहेत आणि मधल्या सातव्या धारेची फुलांनी लगडलेली वेल झाली आहे. ती वेल वळत-वळत मागची मोकळी जागा भरून टाकते.

या दगडात काय नाही ते आता मोजा. गुण नाहीत. कोण जिंकले हे सांगणारी कुठलीही खूण नाही. कप्तान ओळखू यावा असा वेगळा पोशाख नाही, दोन्हीकडच्या माणसांचा साज सारख्याच धाटणीचा आहे. कोरीव अक्षरांत "हा जिता" किंवा "हा हरला" असे काही लिहिलेले नाही. सुरी धरणारा जिंकलेला की हरलेला, आणि मेलेला हरलेला की जिंकलेला, हे दगड सांगतच नाही. "जिंकणाऱ्याचे डोके" ही फलकावर बाहेरून लावलेली पाटी आहे, आणि "हरणाऱ्याचे डोके" ही सुद्धा तितकीच बाहेरची. पहिली खोडून दुसरी लावली म्हणजे दुरुस्ती झाली असे अनेकांना वाटते. तसे होत नाही.

आणखी दोन गोष्टी निर्णायक वाटतात. पहिली ही की तोच प्रसंग सहा वेळा कोरला आहे. सहा वेगवेगळ्या सामन्यांचा वृत्तांत असता तर सहा वेगळे शेवट दिसले असते. इथे एकच क्षण आहे, एकाच मांडणीत पुन्हा पुन्हा. विठ्ठलाची मूर्ती कुठल्याही गावात कमरेवर हात ठेवूनच उभी असते, तशी ही ठरलेली प्रतिमा आहे.

दुसरी गोष्ट पोशाखाची. फलकावरच्या माणसांच्या कमरेला जाड पट्टा आहे आणि त्या पट्ट्यातून पोटासमोर एक उंच, चपटी वस्तू वर आली आहे. डोक्यावर पिसांचा भार आणि अंगावर दागिने आहेत. चेंडू कमरेने उचलण्यासाठी ज्याला जमिनीलगत झेप घ्यायची आहे तो असा सजून खेळू शकत नाही. खेळ संपल्यावरचा, किंवा खेळाच्या निमित्ताने होणारा, विधी इथे कोरला आहे. चालू सामन्यातला क्षण हा नव्हे.

या सात धारांचाही अर्थ आहे. आखाताच्या किनाऱ्यावरच्या वेराक्रूस प्रदेशात आपारिसिओ इथे सापडलेली एक शिळा शालापाच्या मानववंश संग्रहालयात आहे. तिच्यावरही डोके नसलेला खेळाडू बसलेला असून मानेतून सात साप उठले आहेत. स्पॅनिश आले तेव्हा मध्य मेक्सिकोवर राज्य करणाऱ्या आस्तेकांच्या नाहुआत्ल भाषेत मक्याच्या देवतेचे नाव चिकोमेकोआत्ल, म्हणजे शब्दशः "सात-साप". रक्त, साप, वेल आणि कणीस ही एकच साखळी आहे: रक्त जमिनीत जाते आणि पीक वर येते. ज्याने हा फलक घडवला त्याला मैदान म्हणजे शेत हे सांगायचे होते. सामन्याचा निकाल त्याच्या दृष्टीने गौण होता.

"देवाला उत्तमातले उत्तम, म्हणून विजेताच"

हे वाक्य ऐकायला पटते, म्हणून टिकते. पण विजेत्याला काय मिळे हे आपल्याला लिखित स्वरूपात माहीत आहे, निदान आस्तेकांच्या बाबतीत. सोळाव्या शतकात मेक्सिकोत राहिलेल्या दिएगो दुरान या डोमिनिकन धर्मगुरूने कड्यातून चेंडू घालणाऱ्याचे वर्णन केले आहे. लोक त्याच्याभोवती गोळा होत, त्याच्या स्तुतीची गाणी गात, त्याच्यासोबत नाचत, त्याला पिसे, उपरणी, लंगोट असे बक्षीस मिळे. तरबेज खेळाडू सरदारांच्या आणि राजांच्या बैठकीतले असत. खेळावर सोने, पिसे, गुलाम असे सारे पणाला लावले जाई. मोतोलिनिया या दुसऱ्या धर्मगुरूच्या लेखनात असेही येते की चेंडू कड्यातून गेला तर खेळाडूला प्रेक्षकांची उपरणी घेण्याचा हक्क असे. विजेत्याला ठार मारण्याचा उल्लेख यांपैकी कुणीच केलेला नाही. नरबळीच्या वर्णनांनी आपली पाने भरणाऱ्या या लेखकांनी नेमका हा एक बळी गाळला असेल हे पटत नाही.

मैदानात मरण येई ते वेगळ्या वाटेने. भरीव रबराचा जड चेंडू पोटात किंवा छातीत बसून खेळाडू कोसळत, काही जागीच मरत, असे दुरान लिहितो.

मग डोके कापले जाई ते कोणाचे?

शिरच्छेद होत होता, हे निर्विवाद. मजकुराला उत्तर देताना उलट टोकाला जाऊन "हे सगळे स्पॅनिश लोकांनी रचलेले" म्हणणारेही भेटतात. तेही चूक. प्रश्न फक्त "कोणाचे?" एवढाच आहे, आणि जिथे दगड किंवा ग्रंथ बोलतात तिथे उत्तर बहुतेक वेळा एकच येते: युद्धात धरून आणलेल्या कैद्याचे.

याशचिलान हे उसुमासिंता नदीकाठचे माया शहर. तिथल्या ३३ क्रमांकाच्या इमारतीसमोरच्या जिन्याला १३ कोरीव ठोकळे आहेत. मधल्या एका ठोकळ्यावर चौथा पक्षी-जग्वार हा राजा चेंडू खेळतो आहे. समोर पायऱ्या आहेत आणि पायऱ्यांवरून घरंगळत येणाऱ्या अजस्र चेंडूच्या आत एक माणूस मुटकुळे करून बांधलेला दिसतो. तो कैदी आहे. शेजारच्या मजकुरात फार पुरातन, देवांच्या काळातल्या शिरच्छेदांचा उल्लेख येतो. म्हणजे राजा आपल्या आजच्या विजयाला पुराणकथेची झूल घालतो आहे. अशा चेंडूंवर कधीकधी एक संख्या आणि "नाब" हे चिन्ह असते. नाब म्हणजे वीत, अर्थात चेंडूचे माप, असा त्याचा अर्थ लावतात.

दक्षिण मेक्सिकोतल्या चियापास प्रांतात, टोनिना या माया शहरात, मैदानाच्या भिंतींतून कैद्यांच्या मूर्ती बाहेर आलेल्या होत्या. टोनिनाचे राज्यकर्ते शेजारच्या पालेंकेशी लढत आणि तिकडची माणसे धरून आणत. खेळायच्या जागेला शत्रूच्या देहांची महिरप करणे हा इथल्या शिल्पकाराचा हेतू.

कोपानचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. होंडुरासमधल्या या शहराचा तेरावा राजा वाशाक्लाहून उबाह काविल याने इ.स. ७३८च्या जानेवारीत आपले नवे मैदान विधिपूर्वक खुले केले. त्याच वर्षी मे महिन्यात त्याच्याच अंकित असलेल्या किरिग्वाच्या राजाने त्याला पकडून त्याचा शिरच्छेद केला. किरिग्वाच्या शिलालेखांत ही घटना अभिमानाने नोंदवली आहे. एवढ्या मोठ्या राजाचे डोके गेले ते पकडला गेला म्हणून. त्याआधी एखादा सामना तो जिंकला किंवा हरला असे कुठेही लिहिलेले नाही.

आस्तेकांच्या राजधानीत, तेनोचतित्लानमध्ये, पांकेत्सालिस्त्ली या सणात तेओत्लाच्को नावाच्या मैदानात बळी दिले जात, असे बर्नार्दिनो दे साआगुन या स्पॅनिश धर्मगुरूने नोंदवले आहे. ते आधीच नेमलेले कैदी होते. त्या दिवशीच्या खेळातून त्यांची निवड होत नसे. मेक्सिको शहराच्या मध्यभागी, ग्वातेमाला रस्त्यावर, उत्खननात सापडलेले मैदान २०१७ मध्ये जगासमोर आले. त्याच्या जिन्याजवळ मानेच्या ३२ मणक्यांचा पुंजका मिळाला. तिथे डोकी कापली गेली याला याहून ठोस पुरावा नको. पण मणक्यांवरून हार-जीत कळत नाही, आणि "कप्तान" तर मुळीच नाही.

एल ताहिनकडे थोडे थांबायला हवे, कारण तिथले काम चिचेन इत्साहूनही बारीक आहे. वेराक्रूसमधल्या या शहरात डझनाहून अधिक मैदाने आहेत. दक्षिण मैदानाच्या दोन समांतर भिंतींवर सहा फलक कोरले आहेत. ईशान्येच्या कोपऱ्यातल्या फलकावर एक माणूस मागे रेलवून धरला आहे, दुसरा त्याच्या छातीवर सुरी रोखतो आहे आणि वरून सांगाडारूपी मृत्युदेव खाली उतरतो आहे. बळीच्या प्रसंगातली माणसे खेळाडूच्या साजात आहेत. म्हणजे एकाच खेळाशी जोडलेला बळीचा विधीही सगळीकडे सारखा नव्हता: इथे रोख छातीवर आहे, चिचेन इत्साला मानेवर. आणि गोष्ट इथे संपत नाही. मधल्या दोन फलकांवर देवलोक, पाऊस आणि घायपाताच्या रसापासून होणारे पुल्के हे मद्य यांचा प्रसंग आहे. कोपऱ्यातला बळी मधल्या फलकांकडे नेतो: माणूस रक्त देतो, देव पुल्के आणि पाणी देतो. फिरणाऱ्या फोटोंत फक्त सुरीचा फलक असतो. उरलेले पाच कापून टाकले की शिल्पाचा अर्थच कापला जातो, याचे खरोखर वाईट वाटते.

"पोपोल वुहमध्ये तसे लिहिले आहे"

मजकुराच्या काही आवृत्त्यांत हा आधार जोडलेला असतो. पोपोल वुह हा ग्वातेमालातल्या किचे माया लोकांचा पुराणग्रंथ आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सिस्को शिमेनेस या धर्मगुरूने केलेल्या प्रतीमुळे तो वाचला. त्यात दोन भाऊ, हुन हुनाहपू आणि वुकुब हुनाहपू, इतका चेंडू खेळतात की खालच्या शिबाल्बा या पाताळातल्या मृत्युदेवांना त्या आवाजाचा त्रास होतो. देव त्यांना खेळायला बोलावतात. पण खेळ होतच नाही! अंधाऱ्या घरात त्यांना एक मशाल आणि दोन चिरूट देतात आणि सकाळी ते न संपवता, जसेच्या तसे परत करायला सांगतात. रात्रभरात ते जळून जातात. या अपयशाबद्दल दोघांना मारले जाते. हुन हुनाहपूचे मुंडके झाडाला टांगतात, त्या झाडाला फळे धरतात, आणि त्या मुंडक्याच्या थुंकीतून शिकिक या तरुणीला दिवस जातात. तिचे जुळे मुलगे हुनाहपू आणि श्बालांके पुढे पाताळात जाऊन खेळतात आणि देवांना हरवतात.

मधल्या रात्री वटवाघळांच्या घरात हुनाहपूचे डोके छाटले जाते आणि देव त्याचाच चेंडू करतात. श्बालांके भोपळा कोरून भावाला तात्पुरते डोके बसवतो, मग युक्तीने खरे डोके परत मिळवतो. जिंकला म्हणून कुणाला मारले असा प्रसंग या कथेत नाही. कापलेले डोके, त्यातून फळ, त्यातून नवे जीवन, हा धागा मात्र आहे. चिचेन इत्साच्या मानेतून निघालेली वेल आठवा.

"चेंडूच्या आत कवटी असे"

हे वाक्य दगडी तबकडीतली कवटी आणि पोपोल वुहमधला डोक्याचा चेंडू यांच्या सरमिसळीतून आले आहे. जे प्राचीन चेंडू प्रत्यक्ष हाती लागले आहेत ते रबराचे आहेत. वेराक्रूसमधल्या एल मानाती या झऱ्याकाठच्या दलदलीत अर्पण केलेले चेंडू मिळाले, त्यांतले सर्वांत जुने सुमारे इ.स.पू. १६००चे. चिखलात हवा पोचली नाही म्हणून ते टिकले.

हे रबर साधे नाही. कास्तिया एलास्तिका या झाडाला खाचा पाडून चीक गोळा करतात. नुसता चीक वाळवला तर जे मिळते ते ठिसूळ असते, त्यात उसळी नसते. म्हणून चिकात आयपोमिया अल्बा या वेलीचा रस घालत. ती आपल्याकडच्या गारवेलीच्या कुळातली. वेल कुटून, पिळून रस काढायचा, चिकात ओतून ढवळत राहायचे. काही मिनिटांत पांढरा गोळा जमतो आणि तो घट्ट होण्याआधीच हाताने आकार द्यावा लागतो. उशीर झाला तर थर एकजीव होत नाहीत. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या डोरोथी हॉस्लर आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ही प्रक्रिया रसायनशास्त्राच्या अंगाने मांडली. पुढच्या प्रयोगांत दिसले की चीक आणि रस निम्मे-निम्मे घेतले की उसळी सर्वांत जास्त मिळते, आणि तीन भाग चिकाला एक भाग रस घेतला तर चपलांच्या तळव्याला लागते तसे झिजेला टिकणारे रबर होते. चार्ल्स गुडइयर यांना व्हल्कनायझेशनचे पेटंट मिळाले १८४४ मध्ये. म्हणजे हे ज्ञान त्याहून तीन हजार वर्षांनी जुने.

आता या मेहनतीच्या गोळ्यात कवटी घालून पाहा. चेंडू वरून पडला की आघात रबराने झेलून परत द्यायचा असतो. आत पोकळ, ठिसूळ हाड असेल तर ते पहिल्या काही टप्प्यांतच फुटेल आणि चेंडू वेडावाकडा उडेल. मेंदोसा हस्तलिखितात तोचतेपेक प्रांताने आस्तेक राजधानीला द्यायच्या खंडणीत रबराचे १६,००० गोळे लिहिले आहेत. व्यवहारातले रबर हे असे होते. कवटी ही चेंडूवर चढवलेली उपमा आहे.

"कमरेला दगडी जू बांधून खेळत"

"जू" हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर बैल येतात. तसाच गैरसमज मेक्सिकोतल्या हौशी संग्राहकांचाही झाला होता, त्यातून "युगो" म्हणजे जू हे स्पॅनिश नाव चिकटले. स्पॅनिश येण्यापूर्वी तिथे ओढकामाची जनावरेच नव्हती. ही वस्तू घोड्याच्या नालासारखी असते, एका बाजूने उघडी, आतली पोकळी माणसाच्या कमरेएवढी. हिरवट किंवा काळसर दगड घासून गुळगुळीत केलेला. बंद टोकाकडे अनेकदा बेडकासारखा, तोंड वासलेला भूमीचा प्राणी कोरतात. १९४६ मध्ये गॉर्डन एकहोम या पुरातत्त्वज्ञांनी मातीच्या मूर्तींशी ताडून दाखवले की हा खेळाडूच्या कमरपट्ट्याचा आकार आहे.

तेवढे खरे. पण आकार पट्ट्याचा आहे म्हणून खेळाचा पट्टा दगडाचा होता असे ठरत नाही. अशा जुवाचे वजन साधारण १५ ते ३० किलो भरते. कमरेने चेंडू मारणाऱ्याला जमिनीला जवळजवळ टेकून वळावे लागते. तीन-चार किलोचा चेंडू आदळतो तेव्हा धक्का शोषणारे काहीतरी मध्ये हवे, आणि दगड धक्का शोषत नाही, तो हाडाकडे पोचवतो. खेळताना लाकूड, चामडे, कापसाची किंवा वेताची गादी असा पट्टा वापरत आणि दगडी जू ही त्याची विधीसाठी, मिरवण्यासाठी, मृताबरोबर पुरण्यासाठी केलेली प्रतिकृती, हे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे आणि ते पटते. १५२८ मध्ये आस्तेकांना जिंकणाऱ्या कोर्तेस या स्पॅनिश सेनानीने काही खेळाडू स्पेनला नेले. पुढच्या वर्षी क्रिस्टोफ वाइडित्स या जर्मन चित्रकाराने त्यांची चित्रे काढली. त्यांच्या ढुंगणाला आणि मांड्यांना चामडे आहे, दगड नाही.

जुवाबरोबर आणखी दोन दगडी वस्तू येतात. "आचा", म्हणजे कुऱ्हाड: समोरून पाहिली तर सुरीच्या धारेएवढी अरुंद, बाजूने पाहिली तर माणसाचा किंवा पक्ष्याचा चेहरा. मागे खाच असते, तिने ती जुवावर बसते. काही चेहऱ्यांचे डोळे मिटलेले, गाल खपाटीला गेलेले आहेत, म्हणजे ती कापलेली डोकी असावीत. "पाल्मा", म्हणजे झावळी: उंच, वर पसरत जाणारी, तळाला आतून वळलेली, म्हणजे तीही पट्ट्यावर उभी राहावी म्हणून. आचा आधीच्या काळात जास्त, पाल्मा नंतरच्या काळात, एल ताहिनच्या परिसरात. चिचेन इत्साच्या फलकावर पोटासमोर उभी दिसते ती हीच पाल्मा. संग्रहालयात या तिन्ही वस्तू वेगवेगळ्या काचेआड ठेवतात आणि पाहणाऱ्याला त्यांचे नाते कळत नाही. कमरेवर एकत्र चढवलेल्या पाहायच्या तर फलकच पाहावा लागतो.

"कड्यातून चेंडू पार करायचा"

कडी मेसोअमेरिकेच्या इतिहासात उशिरा आली. त्याआधी दोन हजारांहून अधिक वर्षे खेळ कड्याशिवाय चालला. दक्षिण मेक्सिकोतल्या माँते आल्बान या प्राचीन शहराच्या मैदानात कडे नाही. कोपानच्या मैदानाच्या बाजूंना मकाऊ पोपटाची दगडी डोकी आहेत आणि जमिनीत कोरीव चकत्या बसवल्या आहेत. युकातानमधल्या उशमालचे मैदान ३४ मीटर लांब आणि १० मीटर रुंद, तिथे कडी आहेत. चिचेन इत्साची कडी सुमारे ६ मीटर उंचीवर, एकमेकांत गुंतलेल्या पिसांच्या सापांनी कोरलेली. ती बास्केटबॉलच्या रिंगसारखी आडवी नसतात, भिंतीतून उभी बाहेर येतात, त्यामुळे चेंडू बाजूने आरपार जावा लागतो. हात-पाय न लावता, कमरेने, त्या उंचीवर हे साधणे किती दुर्मिळ असेल ते उघड आहे. ते साधले तर सामना तिथेच जिंकला जाई, पण रोजचे गुण वेगळ्या मार्गाने मिळत: चेंडू समोरच्याला परतवता आला नाही, चुकीच्या अंगाला लागला, टोकाच्या जागेत गेला.

शिवाय "एकच खेळ" असेही नव्हते. मध्य मेक्सिकोतल्या तेओतिवाकान या प्राचीन शहरात दगडी मैदान मिळालेले नाही, पण तिथल्याच तेपांतित्ला या वास्तूच्या भित्तिचित्रांत काठीने चेंडू मारणारी माणसे आहेत.

"माया लोकांचा, तीन हजार वर्षांपूर्वीचा पोक-ता-पोक"

काळ इथे कमीच सांगितला आहे. चियापासच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचे पासो दे ला आमादा इथले मातीचे मैदान इ.स.पू. १४००च्याही आधीचे आहे. ते माया राज्यांच्या कितीतरी अगोदरचे. खेळ साऱ्या मेसोअमेरिकेचा होता, मायांनी तो वारशाने घेतला. "पोक-ता-पोक" हे नाव फ्रान्स ब्लोम या पुरातत्त्वज्ञांनी १९३२ मध्ये युकातेक माया शब्दावरून रूढ केले. जुन्या माया लेखांत खेळण्याचे क्रियापद "पिट्स" आहे. नाहुआत्लमध्ये खेळाला ओल्लामालिस्त्ली आणि मैदानाला त्लाच्त्ली म्हणत.

आपल्याकडे याच मजकुराला "माया म्हणजे मय दानवाचे वंशज" अशी शेपटी लागते. माया हे नाव युकातानातल्या स्थानिक वापरातून आले आहे, मायापान या शहराच्या नावातही ते दिसते. संस्कृतातल्या मयाशी त्याचे साम्य फक्त उच्चाराचे.

"स्पॅनिश आले आणि खेळ कायमचा संपला"

चर्चने खेळावर गदा आणली, कारण त्यात त्यांना पूजा दिसली. मध्य मेक्सिकोतली मैदाने ओस पडली. वायव्येकडच्या सिनालोआत मात्र खेळ टिकला. त्याला उलामा म्हणतात, आणि नावात तोच जुना नाहुआत्ल शब्द आहे. कमरेने, हाताच्या पुढच्या भागाने आणि लाकडी फळीने खेळायचे असे त्याचे तीन प्रकार. कमरेच्या प्रकारात मैदान म्हणजे "तास्ते", हा शब्द त्लाच्त्लीचाच अपभ्रंश. ते सुमारे ६० मीटर लांब आणि जेमतेम ४ मीटर रुंद असते, मध्यरेषेला "आनाल्को" म्हणतात. भिंती नाहीत, कडे नाही. चेंडू भरीव रबराचा, तीन ते चार किलोचा. खेळाडू लंगोटावर चामड्याचे पट्टे आवळून बांधतात. चेंडू वरून फेकून सुरू करायचा की जमिनीलगत सरपटत, याचेही दोन ठरलेले प्रकार आहेत. उंच चेंडूला उडी मारून कंबर लावायची, सरपटत्या चेंडूला जमिनीवर पडून. कमरेखेरीज दुसरीकडे लागला की गुण गेला.

गुणाला "राया" म्हणतात, म्हणजे रेघ. आठ रेघा आधी करणारा संघ जिंकतो, पण चालू खेळात मिळवलेल्या रेघा पुसल्याही जातात, म्हणून सामना तासन्‌तास चालू शकतो. निवाडा करणाऱ्याला "वेएदोर" म्हणतात आणि रेघांचा हिशेब त्यालाच डोक्यात ठेवावा लागतो. आठवी रेघ पडली की चामडे सोडतात आणि चेंडू पुढच्या खेळासाठी जपून ठेवतात.